ड्रग कोर्टात केस मॅनेजर म्हणून रुजू होताय? मग हे आधी वाचा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचा तरी मेसेज येतो, की ताई मी एमएसडब्ल्यू केलंय, नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलेय, आत्ता ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी, हातात पडलंय आणि इथल्या काउंटी कोर्टात केस मॅनेजरची जागा निघालीय, तर हे ड्रग कोर्ट म्हणजे नक्की काय आणि आपल्याला जमेल का. जमेल. मी ओहायोतल्या एका काउंटीत हे काम 9 वर्षं करतेय, त्याआधी पुण्यात शिकताना व्यसनमुक्ती केंद्रात फील्डवर्क केलं होतं आणि तिथे जे शिकले त्यातलं निम्मं तरी इथे रोज उपयोगी पडतं. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी एक गोंधळ दूर करते. मुंबईत एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, स्पेशल कोर्ट म्हणतात ते खटला चालवून शिक्षा देणारं कोर्ट, हे ते नाही. पहिलं ड्रग कोर्ट 1989 मध्ये फ्लोरिडात मायामीला सुरू झालं, कारण तेव्हा क्रॅक कोकेनच्या केसेसनी जेल भरून गेली होती आणि तीच तीच माणसं सुटून सहा महिन्यांत परत येत होती. मग एका कोर्टाने ठरवलं की व्यसनामुळे गुन्ह्यात अडकलेल्या माणसाला तुरुंगात घालण्याऐवजी वर्ष-दीड वर्ष उपचार द्यायचे, सारख्या टेस्ट करायच्या आणि दर पंधरा दिवसांनी न्यायाधीशांसमोर उभं करून विचारायचं, बाबा कसं चाललंय. पूर्ण केलं तर केस रद्द होते किंवा शिक्षा कमी होते, नाही केलं तर मूळची शिक्षा डोक्यावर आहेच. आज अशी आणि याच धर्तीवरची 4000 पेक्षा जास्त कोर्टं देशभर आहेत, काही ठिकाणी नाव वेगळं असतं, न्यू जर्सीत 2022 पासून रिकव्हरी कोर्ट म्हणतात. भारतात एनडीपीएस कायद्याचं 64अ कलम आहे, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं, पण त्याच्याबरोबर दीड वर्ष चालणारी कोर्टाची टीम त्यात नाही. इथे ती टीम आहे आणि त्या टीममध्ये माणसाला सगळ्यात जास्त वेळा भेटणारी तुम्ही असणार आहात.

आता पायरी पायरीने सांगते. सगळ्या पायऱ्या सारख्या मोठ्या नाहीत.

पायरी 1: टीम समजून घ्या

कोर्ट सुरू व्हायच्या आधी एक बंद दाराआडची मीटिंग असते, तिला स्टाफिंग म्हणतात. तिथे जज, सरकारी वकील, बचावाचा वकील, कोऑर्डिनेटर, प्रोबेशन ऑफिसर (जेलबाहेर असलेल्या माणसावर कोर्टातर्फे देखरेख ठेवणारा), ट्रीटमेंट सेंटरचा काउन्सेलर, बऱ्याचदा एक पोलीस अधिकारी आणि तुम्ही असे सगळे बसतात, एकेका पार्टिसिपंटचं, म्हणजे प्रोग्रॅममध्ये घेतलेल्या माणसाचं, नाव निघतं आणि दोन-चार मिनिटांत त्याचा आठवडा टेबलावर येतो. पहिल्या दोन स्टाफिंगला गप्प बसा आणि कोण काय विचारतं ते फक्त लिहून घ्या. माझे जज प्रत्येकाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचे की राहतोय कुठे, ते लक्षात आल्यापासून मी घराची माहिती कायम वरच ठेवते.

रुजू व्हायच्या दिवशीच विचारून घ्या की इथे केस मॅनेजर आणि प्रोबेशन ऑफिसर वेगळे आहेत की एकच माणूस दोन्ही करतो, कारण काउंटीगणिक हे बदलतं. माझ्याकडे वेगळे आहेत. प्रोबेशन ऑफिसर घराची झडती घेऊ शकतो, मी नाही. काउन्सेलर थेरपी करतो, मी नाही. मी घर, औषध, इन्शुरन्स, आयडी, बस, नोकरी, मुलांच्या केसेस आणि कोर्टाच्या तारखा या सगळ्याची मोट बांधते. ऐकायला कारकुनी वाटतं, पण माणूस प्रोग्रॅममधून बाहेर फेकला जातो तो मी तरी बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या गोष्टीमुळे बघितलाय.

पायरी 2: इनटेक (प्रवेश) आणि सह्या

प्रोग्रॅममध्ये कोणाला घ्यायचं याचं सूत्र आहे, हाय रिस्क आणि हाय नीड, म्हणजे परत गुन्हा व्हायची शक्यताही जास्त आणि उपचारांची गरजही जास्त. कधीमधी गांजा ओढणारा, नोकरी-घर असलेला मुलगा यात घातला तर त्याचं नुकसानच होतं, कारण त्याची नोकरी या अपॉइंटमेंट्सच्या माऱ्यात जाते आणि तो त्याच्यापेक्षा खोल अडकलेल्या लोकांच्या संगतीत पडतो. हे मोजायला ओहायोत ओरास नावाची प्रश्नावली वापरतात, तिचं ट्रेनिंग मिळेल, ते मन लावून करा.

मग संमतीपत्र. व्यसनाच्या उपचारांच्या नोंदींना इथे 42 सीएफआर पार्ट 2 नावाचा वेगळा फेडरल नियम आहे, साध्या मेडिकल रेकॉर्डपेक्षा कडक. ट्रीटमेंट सेंटरने कोर्टाला काय सांगायचं, कोणाला सांगायचं, किती दिवस, हे सगळं त्या कागदावर लिहिलेलं असतं. बरेच जण हा कागद पुढे सरकवतात, इथे सही करा, इथे सही करा. असं करू नका. समोरचा माणूस कदाचित कालच जेलमधून सुटलाय, अंग दुखतंय, झोप नाही, त्याला काही वाचणं जमत नाहीये. मी तो कागद मोठ्याने वाचते आणि माझ्या शब्दांत सांगते, की तुम्ही पुन्हा घेतलंत, टेस्ट चुकवलीत, घर सोडलंत तर मी टीमला सांगणार, ते लपवणं माझ्या हातात नाही. पण तुमच्या लहानपणी काय झालं, नवऱ्याने काय केलं, हे कोर्टाला सांगायचं काही कारण नाही आणि मी ते सांगणार नाही.

इथेच मला जे मनापासून सांगायचंय ते येतं. टेस्टच्या आधी माणसाने तुम्हाला खरं सांगायला हवं, आणि ते तो तेव्हाच सांगतो जेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही त्याला खरं सांगितलेलं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी या एका गोष्टीसाठी करते.

पायरी 3: पहिले 14 दिवस

हे सगळ्यात जपायचे दिवस. जेलमध्ये महिना-दोन महिने काढलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते, बाहेर येऊन तो जुन्या मापाने घ्यायला जातो आणि आता बाजारात जे मिळतं त्यात फेंटानिल असतं, हेरॉइनपेक्षाही कितीतरी जहाल. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा अभ्यास 2007 मध्ये आला होता, त्यात पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरायचा धोका बाकी लोकांच्या 129 पट निघाला. हा आकडा माझ्या टेबलासमोर लावलेला आहे.

म्हणून सुटकेच्या दिवशीच, शक्य असेल तर जेलच्या दारातूनच, तीन गोष्टी करा. ओव्हरडोस उतरवणारा, नाकात मारायचा नॅलोक्सोनचा स्प्रे त्याच्या हातात द्या आणि तो ज्याच्याबरोबर राहणार त्यालाही कसा मारायचा ते दाखवा, कारण स्वतःला स्प्रे मारायच्या स्थितीत माणूस नसतो. 2023 पासून तो प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो आणि काउंटी हेल्थ डिपार्टमेंट फुकट देतं. दुसरं, नशेची ओढ आवरणाऱ्या औषधाची अपॉइंटमेंट, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन किंवा नॅल्ट्रेक्झोन, जे डॉक्टर ठरवतील ते. तिसरं, मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा. जेलमध्ये असताना ते स्थगित ठेवलेलं असतं, ते परत चालू झालंय का हे फोन करून बघा, नाहीतर माणूस फार्मसीच्या काउंटरवर उभा राहतो, कार्ड चालत नाही, विड्रॉल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू असतो, आपल्याकडे पोरं ज्याला टर्की म्हणतात ते, आणि त्या एका तासात महिन्याची मेहनत जाते.

औषधांबद्दल स्पष्ट बोलते. आपल्याकडे आणि इथेही बऱ्याच लोकांना वाटतं की ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणं. तसं नाहीये. डॉक्टरने लिहून दिलेलं हे औषध घेणारा माणूस क्लीन आहे, पूर्ण क्लीन, आणि एप्रिल 2022 मध्ये इथल्या न्याय खात्याने लेखी सांगितलंय की हे औषध घेतो म्हणून कोणाला कोर्टाच्या प्रोग्रॅममधून अडवणं हा अपंग हक्क कायद्याचा भंग ठरू शकतो. एखादं सोबर होम, म्हणजे नशा सोडलेल्यांनी एकत्र राहायचं घर, म्हणालं की आम्ही हे औषध घेणारे ठेवत नाही, तर दुसरं होम शोधा, औषध सोडायला सांगू नका.

पायरी 4: आठवड्याचा कागद

मला विचाराल तर या कामाचा गाभा हाच.

प्रोग्रॅमच्या पहिल्या फेजमध्ये एका माणसाच्या आठवड्यात काय काय असतं बघा. तीन ग्रुप, म्हणजे एकत्र बसून होणारी थेरपी, एक काउन्सेलिंग, दोन किंवा जास्त टेस्ट, प्रोबेशन ऑफिसरची भेट, माझी भेट, पंधरवड्यातून कोर्ट, मेथाडोन असेल तर सुरुवातीला जवळपास रोज पहाटे क्लिनिकच्या खिडकीशी रांग, मुलं फॉस्टरमध्ये, म्हणजे सरकारने दुसऱ्या कुटुंबात ठेवलेली, असतील तर त्यांना भेटायची ठरलेली वेळ, शिवाय नोकरी शोधा म्हणून मागे लागलेलो आपणच. लायसन्स सस्पेंड, गाडी नाही, आणि अमेरिकेतल्या छोट्या गावात बस म्हणजे तासाला एक, रविवारी बंद. आपल्या एसटीची सवय असलेल्यांना तरी हे लगेच कळेल.

मी एक आडवा ए4पेक्षा थोडा मोठा कागद घेते, सात खाने करते आणि पार्टिसिपंटच्या शेजारी बसते, समोर नाही, शेजारी. पेन त्यांच्या हातात देते. आधी बदलता न येणाऱ्या गोष्टी भरायच्या, म्हणजे कोर्ट आणि मेथाडोनची खिडकी, मग मुलांची भेट, मग ग्रुप. प्रत्येक खान्यात खाली कोपऱ्यात बसचा नंबर आणि निघायची वेळ. एक बाई होती, दोन मुलांची आई, तिच्या नावावर तीन आठवड्यांत चार वेळा ग्रुप चुकल्याची नोंद होती आणि टीममध्ये जवळपास सगळ्यांचं मत झालं होतं की हिला करायचंच नाहीये. आम्ही तो कागद भरला तेव्हा मंगळवारच्या खान्यात तिने मेथाडोन 6:30 लिहिलं, ग्रुप 9:00 लिहिलं आणि मध्ये बस लिहायला गेली तर पेन थांबलं, कारण क्लिनिकवरून निघणारी पहिली बस 8:40 ची आणि ती ग्रुपच्या जागी 9:25 ला सोडायची, आणि ग्रुपला दहा मिनिटांच्या वर उशीर झाला की आत घेत नाहीत. कोणीही कितीही मनापासून केलं तरी ते जमणारं नव्हतं. दुपारच्या ग्रुपला नाव घातलं, पुढे तिने एकही चुकवला नाही. ती इतके दिवस काही बोलली का नाही असं मी विचारलं तर म्हणाली, मला वाटलं बाकीच्यांना जमतंय म्हणजे माझंच चुकतंय.

तेव्हापासून इनटेकनंतर पहिल्या आठवड्यात हा कागद झाला नाही असं मी होऊ देत नाही. भरून झाला की फोटो काढून त्यांच्या फोनवर पाठवा आणि मूळ कागद त्यांना द्या, फ्रिजवर लावायला.

पायरी 5: टेस्ट वाचायला शिका

बहुतेक कोर्टांत प्रत्येकाला एक रंग दिलेला असतो, रोज सकाळी एक नंबर फिरवून ऐकायचं, आपला रंग निघाला तर ठरलेल्या वेळेत जाऊन लघवीचा नमुना द्यायचा, आणि तो समोर माणूस उभा असताना. हे किती लाजिरवाणं असतं ते विसरू नका, विशेषतः ज्यांच्यावर अत्याचार झालेत त्यांच्यासाठी.

रिझल्ट आला की नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघून मोकळे होऊ नका. क्रिएटिनिन, म्हणजे लघवीत नेहमी असणारा एक पदार्थ, 20 च्या खाली असेल तर नमुना पातळ मानतात, माणसाने मुद्दाम खूप पाणी प्यायलं असेल किंवा उन्हात बांधकामावर काम करून तहान लागली असेल, आधी विचारा. दारूसाठी ईटीजी नावाची टेस्ट असते, ती दोन-तीन दिवसांपूर्वीची दारूही दाखवते, पण अल्कोहोलवाला माउथवॉश आणि हँड सॅनिटायझर यांचाही त्यात गोंधळ होऊ शकतो, म्हणून पहिल्याच दिवशी या गोष्टींची यादी द्यायची. जिथे झटपट टेस्ट आणि माणूस यांचं म्हणणं जुळत नाही तिथे लॅबची कन्फर्मेशन मागा, तो त्यांचा हक्क आहे.

एक प्रसंग सांगते. माझ्या पहिल्या दिवाळीला मी घरून अनारसे करून नेले आणि वेटिंग रूममध्ये डबा उघडून ठेवला, सगळ्यांनी खा म्हणून. आमच्या कोऑर्डिनेटरने विचारलं वर हे काय लावलंय, मी म्हटलं खसखस, आणि तिने डबा झाकला. खसखस अफूच्याच बोंडातली, तिच्या दाण्यांना लागलेल्या अंशामुळे लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. याच कारणाने 1998 मध्ये सरकारी नोकऱ्यांच्या टेस्टमध्ये मर्यादा 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली, पण बऱ्याच कोर्टांत अजून 300 च चालते. त्या दिवशी तिथे बसलेल्या कोणी दोन अनारसे खाल्ले असते आणि दुपारी त्याचा रंग निघाला असता तर माझ्या प्रेमापोटी त्याला जेलमध्ये दोन दिवस काढावे लागले असते. तेव्हापासून मी नवीन माणसाला नियम सांगताना खसखस हा शब्द नीट समजावून सांगते, बेगल, मफिन, सगळं.

आणि गांजा. ओहायोत डिसेंबर 2023 पासून 21 वर्षांवरच्यांना तो कायदेशीर झाला, त्यामुळे आता प्रत्येक जण विचारतो. प्रोग्रॅममध्ये असेपर्यंत चालत नाही, दुकानात उघड मिळत असला तरी. यावर वाद घालत बसू नका, एकदा शांतपणे सांगा.

पायरी 6: कोर्टासाठी रिपोर्ट

तुमचा अर्ध्या पानाचा रिपोर्ट वाचून जज माणसाशी बोलणार. अभ्यासांत असं दिसलंय की जजनी एकेकाशी निदान 3 मिनिटं बोलावं, त्याने निकाल सुधारतात. त्या 3 मिनिटांत काय बोललं जाईल हे तुम्ही ठरवता.

"सहकार्य करत नाही, मोटिव्हेशन कमी" असं कधी लिहू नका. त्यातून जजना काही कळत नाही आणि माणसाच्या कपाळावर शिक्का बसतो. असं लिहा: "मंगळवारची 9 ची ग्रुप चुकली. 8:50 ला स्वतः फोन करून कळवलं. बस नव्हती. त्याच दिवशी 2 च्या ग्रुपला बसली. या आठवड्यात मुलाला दोनदा भेटली." जे बघितलं ते लिहा, जे ऐकलं ते कोणाकडून ऐकलं ते लिहा, आणि नोंद त्याच दिवशी करा, शुक्रवारी सगळा आठवडा आठवून लिहिलेल्या नोंदी बचावाचा वकील एका प्रश्नात पाडतो. आणि रिपोर्टात जे वाईट आहे ते पार्टिसिपंटला कोर्टात पहिल्यांदा ऐकायला लागू नये, आदल्या दिवशी फोन करून सांगा.

पायरी 7: बक्षीस आणि शिक्षा

ज्याला जे आत्ता जमण्यासारखं आहे ते त्याने नाही केलं तर तिथे कडक राहायचं, म्हणजे वेळेवर येणं, टेस्ट देणं, खरं बोलणं. जे आजार म्हणून अजून हातात नाही, म्हणजे पहिल्या महिन्यांत पूर्ण क्लीन राहणं, तिथे शिक्षेपेक्षा उपचार बदलायचे. आणि एका शिक्षेमागे निदान चार वेळा तरी कौतुक व्हायला हवं असं या क्षेत्रात धरतात. आमच्याकडे काचेच्या बरणीत चिठ्ठ्या असतात, आठवडा नीट गेला की एक उचलायची, कधी कॉफीचं कार्ड निघतं, कधी नुसतं शाब्बास लिहिलेलं. पन्नाशीचा, हातावर गोंदलेला दांडगा माणूस ती शाब्बासची चिठ्ठी पाकिटात घालून फिरताना मी बघितलाय. टीममध्ये कौतुकाचं कोणी बोलत नसेल तर ते बोलणं तुमचं काम समजा.

पायरी 8: घसरला तर

घसरणार, बरेच जण घसरतात. फोन आला की पहिला प्रश्न असा: आत्ता कुठे आहात, एकटे आहात का, नॅलोक्सोन जवळ आहे का. काय घेतलं, किती, हे नंतर. का घेतलं हे तर त्या दिवशी विचारूच नका.

त्याच बाईने, बसवाल्या, पाच महिन्यांनी एकदा पहाटे 5 ला मेसेज केला, काल रात्री घेतलं, आज माझा रंग निघाला तर पॉझिटिव्ह येईल, त्याआधी तुम्हाला सांगतेय. मी ऑफिसचा फोन उघडला तेव्हा 7 वाजले होते, 8 ला ती माझ्यासमोर, 10 ला डॉक्टरकडे, डोस वाढवला. स्टाफिंगला एकाने जेलचा मुद्दा काढला, मी तिचा मेसेज वेळेसकट वाचून दाखवला, आणि जजनी त्या दिवशी कोर्टात सगळ्यांसमोर तिला खरं बोलल्याबद्दल शाबासकी दिली. मागच्या बाकावर बसलेल्यांपैकी दोघांनी त्याच महिन्यात मला आधी येऊन सांगितलं.

एए (दारू सोडणाऱ्यांचे गट) आणि एनएच्या (ड्रग्ज सोडणाऱ्यांचे गट) मीटिंग आपल्या महाराष्ट्रातही चालतात, एए तर ओहायोतल्याच ॲक्रनला 1935 मध्ये सुरू झाली, त्यामुळे इथे गल्लोगल्ली मीटिंग असतात. पण त्यात देवाचा भाग आहे, कोर्ट ती सक्ती करू शकत नाही, म्हणून स्मार्ट रिकव्हरीसारखा देवाचा भाग नसलेला पर्याय कायम सांगत जा.

पायरी 9: तुमचं स्वतःचं

इंटरव्ह्यूला केसलोड विचारा. क्लिनिकल केस मॅनेजमेंटसाठी एका माणसामागे 50 च्या वर केसेस गेल्या तर काम नावापुरतं उरतं, आणि प्रोबेशनची जबाबदारीही तुमच्यावर असेल तर 30. भारतातल्या एमएसडब्ल्यूचं मूल्यांकन सीएसडब्ल्यूई या इथल्या समाजकार्य शिक्षणाच्या संस्थेकडून करून घ्या, त्याला वेळ लागतो, तोपर्यंत ओहायोत सीडीसीएचा, म्हणजे व्यसन-समुपदेशकाच्या सहाय्यकाचा, दाखला घेऊन सुरुवात करता येते. स्वतःचा नंबर देऊ नका, ऑफिसचा फोन द्या. पैसे उसने देऊ नका, दहा डॉलरही नाही, तो माणूस परत करू शकला नाही की लाजेने तुमच्याकडे यायचं थांबवतो.

आणि कोणीतरी जाईल. माझे या 9 वर्षांत काही गेलेत, आकडा नाही लिहीत. पहिल्या वेळी मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि संध्याकाळी गाडीत बसून रडले, चालवताच येईना. आता सुपरवायझरला सांगते, एक दिवस घेते, शक्य झालं तर अंत्यविधीला मागे उभी राहते. आपल्या घरी फोन करा, मराठीत कोणाशी तरी बोला, इंग्रजीत हे दुःख पुरतं बाहेर येत नाही असा माझा तरी अनुभव.

पहिल्या दिवशी बॅगेत एवढं असू द्या: बसचे पास, दोन नॅलोक्सोन, कोरे आठवड्याचे कागद, चालणारी तीन-चार पेनं, ग्रॅनोला बार कारण समोरचा बहुतेक वेळा उपाशी असतो, आणि तुमच्या काउंटीतल्या बसचं छापील वेळापत्रक, फोनवरचं नको, छापील, म्हणजे दोघांना एकदम बघता येतं.